जुनी फायबरची होडी: झीज कशी तपासायची आणि कशी भरून काढायची

फायबरग्लासला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही आणि तो कुजतही नाही. १९६० च्या दशकात बांधलेल्या फायबरच्या होड्या आजही पाण्यात आहेत, त्या या गुणामुळेच. पण जुनी होडी विकत घेणारा फसतो तोही या समजामुळे. काचेचा धागा टिकतो, त्याच्या आत कोंडलेलं लाकूड मात्र टिकत नाही. डेकच्या (होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या) दोन पापुद्र्यांमधलं बाल्साचं हलकं लाकूड, ट्रान्सममधला (होडीच्या मागच्या उभ्या फळीतला) प्लायवूड आणि तळाला बळ देणाऱ्या स्ट्रिंगरमधली फळी पाण्याने सडते, आणि वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, तेव्हाही चकचकीत दिसत असतो. म्हणून जुनी होडी तपासताना एकच प्रश्न धरून चालायचा: पाणी कुठून शिरलं आणि कुठवर गेलं? दुरुस्तीचा सगळा आराखडा या उत्तरावर ठरतो.

आतली रचना

सगळ्यात बाहेर असतो जेलकोट. हा रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा) थर साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्याचं काम ऊन आणि पाणी अडवणं आणि होडीला रूप देणं. होडीची ताकद त्याच्यात नसते. ती मागच्या लॅमिनेटमध्ये असते: तुटक धाग्यांची मॅट आणि जाडसर विणीचं रोव्हिंग यांचे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढवलेले थर.

जुन्या होड्यांचा पाण्याखालचा भाग बहुधा भरीव लॅमिनेटचा असतो. डेक मात्र बहुतेक वेळा सँडविच पद्धतीचा असतो, म्हणजे वर-खाली फायबरचे पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा, फोम किंवा प्लायवूडचा गाभा. दोन्ही पापुद्रे गाभ्याला घट्ट चिकटलेले असतील तोवरच डेक ताठ राहतो. ती चिकट सुटली की पायाखाली दोन पातळ पत्रेच उरतात. आपल्या होडीत कुठे काय आहे हे कळायला एखादं फिटिंग (बोल्टने बसवलेला भाग) काढून भोकाची कड बघितली तरी पुरतं.

तपासणीला बसण्याआधी

होडी पाण्याबाहेर हवी आणि काही दिवस सुकलेली हवी. आतलं सामान, गालिचे, तळफळ्या सगळं काढून घ्या, बिल्जमधलं (तळाच्या सर्वांत खोल भागातलं) पाणी उपसून फडक्याने पुसा. हाताशी टॉर्च, प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी, टोच्या, छोटा आरसा आणि खुणा करायला खडू ठेवा. मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तम.

पहिली फेरी नुसत्या डोळ्यांनी मारा, तीही सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना. मागच्या कोपऱ्यात उभं राहून होडीच्या कडेवरून नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, नजर लावली की जुनी ठिगळं, आतून बल्कहेड (होडीतली आडवी भिंत) टेकल्याने आलेला उंचवटा, चुकीच्या आधारावर ठेवल्यामुळे बसलेला खळगा हे सगळं उघडं पडतं. भर दुपारी यातलं काहीच दिसत नाही. एखाद्या जागी जेलकोटची छटा वेगळी दिसली किंवा पॉलिशची चमक बदललेली वाटली, तर तिथे पूर्वी काम झालेलं आहे असं धरा आणि आतल्या बाजूने तीच जागा शोधा. बाहेरचं ठिगळ कितीही सफाईदार असलं तरी आतली बाजू सहसा कुणी झाकत नाही.

भेगांचा अर्थ

भेग दिसली की लगेच भरायला घेऊ नका. तिचा आकार कारण सांगतो.

एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलाकार भेगा म्हणजे तिथे आघात झालेला आहे. अशा जागेच्या आतल्या बाजूला लॅमिनेट पांढुरकं पडलं असेल, तर रेझिन काचेपासून सुटलं आहे आणि काम वरवरचं राहिलेलं नाही. एकमेकींना समांतर भेगा सांगतात की तो भाग वाकतो आहे. बल्कहेडच्या रेषेत किंवा कॉकपिटच्या (होडी चालवणारा बसतो त्या खोलगट जागेच्या) कोपऱ्यांत त्या सर्रास सापडतात. रेलिंगच्या खांबापासून किंवा क्लीटपासून (दोर बांधायच्या खुंटीपासून) बाहेर पसरणाऱ्या भेगांचं कारण बहुधा खालची आधारपट्टी छोटी किंवा गायब असणं हेच असतं. आणि मोठ्या पृष्ठभागावर विखुरलेल्या, दिशाहीन, केसासारख्या भेगा म्हणजे जाड लावलेला जेलकोट वयोमानाने तडकला आहे. त्या दिसायला वाईट असतात, पण होडीच्या बळाला धक्का लावत नाहीत.

शंका असेल तिथे भेगेवर मार्करची शाई चोळून लगेच पुसून टाका. शाई भेगेत राहते आणि तिची लांबी नेमकी कळते. मग धारदार टोकाने थोडासा जेलकोट खरवडा. भेग जेलकोटमध्येच संपली तर काम सोपं. ती काचेच्या थरात उतरलेली दिसली तर पुढे सांगितलेली लॅमिनेटची दुरुस्ती करावी लागेल.

ठोकून ऐकणं

या कामात महागडी यंत्रं नंतर येतात, आधी कान लागतो. नक्की चांगली माहीत असलेल्या जागेपासून सुरुवात करा, म्हणजे कानाला मूळ आवाज कळेल. हातोडी हलक्या हाताने, बोटभर अंतरावर सरकवत ठोका. धड लॅमिनेटचा आवाज टणक आणि स्वच्छ येतो. थर सुटले असतील किंवा गाभा कुजला असेल तिथे तो बसका, पोकळ होतो. आवाज बदलला की तिथे खडूची खूण करा आणि खुणा जोडत जा. संपूर्ण डेक झाल्यावर दुखण्याचा नकाशाच समोर दिसतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मध्यभागी एखादं ढिलं फिटिंग असतं. खाली बल्कहेड किंवा टाकी असेल तिथेही आवाज बदलतो, तो दोष समजू नका.

टाचेने दाबत डेकवर चालणंही तितकंच उपयोगाचं. पाय किंचित खाली जाणं, कुरकुर ऐकू येणं, स्क्रूच्या भोकातून तपकिरी पाणी वर येणं, यातलं काहीही झालं तर गाभा गेला आहे.

मात्र हातोडीला एक मर्यादा आहे. ओला झालेला, पण अजून चिकटून असलेला गाभा कधी कधी अगदी चांगला आवाज देतो. तिथे मॉइश्चर मीटर कामाला येतो. त्याच्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नसतो. त्याच होडीच्या सुक्या भागाशी तुलना करूनच तो वाचायचा. मागे धातूची टाकी असेल, पृष्ठभाग ओला असेल किंवा तळाच्या रंगात तांबं असेल तर आकडा फसवा येतो. शेवटचा पुरावा ड्रिलचाच. आतल्या बाजूने, फक्त आतला पापुद्रा आणि गाभा छेदणारं पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा आणि भुसा हातात घ्या. फिकट आणि कोरडा असेल तर चिंता नाही. गडद, ओलसर, चुरगळणारा असेल तर तिथला गाभा बदलायचाच. होडी अजून विकत घेतलेली नसेल तर यासाठी मालकाची परवानगी लागेल. परवानगी नाकारली गेली तर तेही किंमत ठरवताना लक्षात घ्या.

हमखास बघायच्या जागा

ट्रान्सम सर्वांत आधी. आउटबोर्ड इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला हाताने वर-खाली जोर द्या आणि कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. फळी हलताना दिसली, वरच्या कोपऱ्यांत भेगा उघडल्या किंवा इंजिनच्या बोल्टखालून पाणी झिरपलं, तर आतला प्लायवूड संपलेला आहे.

स्ट्रिंगर टोच्याने तपासायचे, विशेषतः इंजिनच्या बैठकीजवळ आणि जिथे त्यांच्यातून पाणी जाण्यासाठी भोकं पाडली आहेत तिथे. ही भोकं बऱ्याचदा कच्ची सोडलेली असतात आणि लाकूड तिथूनच पाणी पितं.

हल (होडीचं मुख्य अंग) आणि डेकचा सांधा रबरी पट्टीखाली लपलेला असतो. वरून पाण्याचा पाइप सोडून आत टॉर्च घेऊन बसलं की गळती सापडते. थ्रू-हल (हलमधून आरपार जाणारी फिटिंग) आणि सीकॉक (त्यांवरचे व्हॉल्व्ह) हलवून बघा, उघड-बंद करून बघा. पितळेचं फिटिंग खरवडल्यावर गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त विरघळून गेलं आहे आणि ते कधीही तुटू शकतं. ते काढून नवीन बसवा. बॅलास्टची कील (तळाखालचा वजनदार पंखा) असलेल्या शिडाच्या होडीत कीलच्या सांध्याची पुढची बाजू नीट न्याहाळा. तिथे उघडलेली भेग म्हणजे कील-बोल्ट तपासायची वेळ.

आणि वाळूवर ओढली जाणारी होडी असेल तर नाळेखालची कड आणि तळाचा कणा. तिथे जेलकोट घासून गेलेला असतोच, पुष्कळदा मॅटचे धागेही उघडे पडून केसाळ दिसतात. हे धागे पाणी आत ओढत राहतात, म्हणून ही झीज पुढच्या हंगामावर ढकलू नये.

पाण्याखालच्या भागावर फोड दिसले तर ते ऑस्मोसिसचे असू शकतात. जेलकोटमधून पाणी सूक्ष्म प्रमाणात आत जातं, तिथले विरघळणारे घटक घेऊन दाट आम्लधर्मी द्रव तयार होतो आणि त्याच्या दाबाने फोड वर येतो. गॉगल लावून एखादा फोडून बघा; आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला आणि द्रव चिकट लागला की खात्री. थोडे फोड असतील तर घाबरण्याचं कारण नाही. सगळा तळ भरलेला असेल तर काम महिनोन्महिन्यांचं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. भेगा, फिका जेलकोट, मोजके फोड, एखाददुसरी ओली जागा यांसाठी होडी नाकारू नये. ट्रान्सम, स्ट्रिंगर आणि निम्मा डेक एकाच वेळी गेलेला असेल तर होडी फुकट मिळाली तरी विचार करावा.

पॉलिएस्टर की इपॉक्सी

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, लवकर सुकणारं आणि त्यावर जेलकोट बसतो. पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या लॅमिनेटला आणि लाकडाला इपॉक्सी कितीतरी घट्ट धरते. म्हणून वरवरच्या भेगांना जेलकोट, आणि बळाच्या कामाला व गाभ्याला इपॉक्सी, असा नियम मी पाळतो. इपॉक्सीवर जेलकोट भरवशाने चिकटत नाही, तिथे शेवटी दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा. आणखी एक गोष्ट दुकानातच लक्षात ठेवायची: नेहमीच्या तुटक धाग्यांच्या मॅटमधला चिकटवणारा घटक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. इपॉक्सीसोबत बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांनी धागे असलेलं) किंवा विणलेलं कापड घ्या.

फायबरची धूळ आणि रेझिनची वाफ दोन्ही हलक्यात घेऊ नका. घासताना धुळीचा चांगला मास्क, रेझिनच्या कामाला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क, हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्या. पॉलिएस्टरचा हार्डनर, एमईकेपी, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच किमान १५ मिनिटं पाण्याने डोळे धुवायचे आणि डॉक्टर गाठायचा. कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (रेझिन सुकायचा वेग वाढवणारा घटक) वेगळा मिळत असेल तर तो आणि एमईकेपी थेट एकत्र कधीही करू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा.

जेलकोटच्या भेगा

भेगेवर नुसता जेलकोट फासला तर तो टिकत नाही. भेग आधी रुंद करावी लागते. खरवडणीच्या टोकाने किंवा छोट्या रोटरी टूलने तिची 'व्ही' आकाराची खाच करा, टोकांच्या थोडं पुढपर्यंत जा. धूळ काढा, अ‍ॅसिटोनने पुसा. जेलकोटमध्ये वजनाच्या १ ते २ टक्के एमईकेपी मिसळा, म्हणजे १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. घाई म्हणून जास्त घालू नका, थर ठिसूळ होतो. खाच किंचित उंच भरा, कारण जेलकोट सुकताना आकसतो. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतो; म्हणून त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म दाबून बसवा किंवा पीव्हीएचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या पातळ द्रवाचा, हात मारा. सुकल्यावर ३२० नंबरच्या पाणकागदापासून पाण्याने घासत ६००, १००० पर्यंत जा आणि पॉलिश करा.

भेग वाकण्यामुळे आली असेल तर आधी आतून एक-दोन थर कापड चढवून किंवा फिटिंगखाली मोठी आधारपट्टी देऊन ते वाकणं थांबवा. नाहीतर तीच भेग त्याच जागी परत येईल.

लॅमिनेटची दुरुस्ती

झिजलेली नाळ असो, आघाताने फुटलेली बाजू असो किंवा आरपार भोक, पद्धत एकच.

सुरुवात धुण्यापासून. पृष्ठभागावर मेण असतं आणि ते न काढता ग्राइंडर लावला तर ते खाली रगडलं जातं. एका फडक्याने सॉल्व्हंट लावा आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपा. मग तुटकं, पांढुरकं, भिजलेलं सगळं लॅमिनेट काढून टाका, टणक काच लागेपर्यंत. ओलं असेल तर सुकू द्या, हवं तर पंखा आणि सौम्य उष्णता द्या. घाई इथेच नडते. ओल्या काचेवर लावलेली इपॉक्सी नंतर पापुद्र्यासारखी सुटते.

आता उतार द्यायचा. कडेचा उतार लॅमिनेटच्या जाडीच्या १२ पट लांब हवा. ५ मिलिमीटर जाड लॅमिनेटला भोकाच्या चारी बाजूंनी ६० मिलिमीटर. पहिल्यांदा हे फार वाटतं, छोट्या भोकासाठी एवढा भाग का घासायचा असं मनात येतं. पण नवा थर जुन्या थराला धरतो तो फक्त या उतारावर, आणि उतार कमी केला की जोड कडेने उघडतो. ४० ते ६० नंबरची चाकी वापरा. पृष्ठभाग निस्तेज आणि खरखरीत राहिला पाहिजे.

आरपार भोकाला आतून प्लास्टिकने झाकलेला लवचीक पत्रा टेकवा. कापडाचे तुकडे आधीच कापून क्रमाने मांडून ठेवा. इपॉक्सीत मी सगळ्यात मोठा तुकडा आधी लावतो, म्हणजे उताराला सलग एकच थर चिकटतो, आणि पुढचे लहान होत जातात. पृष्ठभागाला आधी रेझिनचा हात, मग कापड, मग ब्रशने ठोकून भिजवणं, मग खाचांच्या रोलरने हवा बाहेर काढणं. भिजलेलं कापड पारदर्शक दिसतं. पांढरा ठिपका म्हणजे हवा. पॉलिएस्टरने काम करत असाल तर मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, आणि ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर सुमारे एक मिलिमीटर जाडी देतो. एका बैठकीत तीन-चार थरांपेक्षा जास्त चढवू नका, रेझिन तापतं आणि तडकतं. कालवलेलं रेझिनही खोल डब्यात ठेवू नका, पसरट थाळीत ओता.

इपॉक्सी सुकल्यावर तिच्यावर मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने आणि घासणीने धुवायचा, सँडपेपरने नव्हे. मग घासणं, इपॉक्सीत हलकं फिलर मिसळून पुट्टी, पुन्हा घासणं, प्रायमर, रंग. नाळेखाली आणि कण्यावर मूळ जाडीपेक्षा एक-दोन थर जास्त द्या, तिथे पुन्हा घासणारच आहे.

ओला डेक

भोकं पाडून गाभ्यात इपॉक्सी टोचण्याची पद्धत बरेच जण सुचवतात. ओल्या, कुजलेल्या गाभ्यात इपॉक्सी शिरत नाही आणि शिरली तरी कुजकं लाकूड तसंच राहतं. मी ती करत नाही. डेक उघडणं हाच खरा उपाय.

खडूच्या नकाशाच्या थोडं बाहेरून, शक्यतो खरखरीत नक्षीच्या कडेने, वरच्या पापुद्र्याएवढाच खोल काप घ्या आणि पापुद्रा अखंड उचलून जपून ठेवा. कुजका गाभा खरवडून काढा, सुका गाभा दिसेपर्यंत पुढे जात राहा. खालचा पापुद्रा घासून स्वच्छ करा आणि पूर्ण सुकवा. नवा बाल्सा किंवा पीव्हीसी फोम त्याच जाडीचा हवा. बाल्सा रेझिन पितो, त्याला आधी पातळ इपॉक्सीचा हात द्या. मग घट्ट केलेली इपॉक्सी दात्यांच्या पट्टीने पसरून त्यात गाभा बसवा, वरचा पापुद्रा परत ठेवा, हवा निघायला बारीक भोकं पाडा आणि सुकेपर्यंत सारखं वजन द्या. कापाच्या रेषेवर दोन्ही बाजूंना १२ पट उतार देऊन कापडाने जोड पक्का करा.

पाण्याची वाट बंद करणं

इतकं करून फिटिंग पूर्वीसारखंच बसवलं तर काही वर्षांत पुन्हा तेच. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी वरचा पापुद्रा आणि गाभा यांना १४-१६ मिलिमीटरचं भोक पाडा, खालचा पापुद्रा सोडा. खालून टेप लावून भोक घट्ट इपॉक्सीने भरा. सुकल्यावर मधोमध ८ मिलिमीटरचं भोक पाडा. आता बोल्टभोवती भरीव इपॉक्सी आहे, सीलंट गळालं तरी पाणी गाभ्याला शिवत नाही. भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्या म्हणजे सीलंटची कडी तिथे बसते. पुन्हा काढावी लागणारी फिटिंग ब्यूटाइल टेपवर किंवा पॉलिसल्फाइडवर बसवा. पॉलियुरेथेनने चिकटवलेलं काढताना डेकच सोलून येतो. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्यांना मात्र पॉलिसल्फाइड लावू नका, ते प्लास्टिकला खातं. खाली मोठी आधारपट्टी द्यायला विसरू नका. स्ट्रिंगरमधल्या कच्च्या भोकांनाही याच वेळी आतून इपॉक्सी लावून घ्या.

फोड असतील तर प्रत्येक फोड उघडून गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवा आणि मीटरचा आकडा सुक्या भागाच्या जवळ येऊन स्थिर होईपर्यंत सुकू द्या. मग इपॉक्सी पुट्टी आणि वरून इपॉक्सीचे पाच-सहा हात. फिका, खडूसारखा जेलकोट कंपाउंड आणि मेणाने बराच परत येतो.

पहिल्यांदा पाण्यात उतरवल्यावर बांधलेल्या अवस्थेतच होडी तासभर तशीच ठेवा आणि आतून प्रत्येक थ्रू-हल, प्रत्येक नवा जोड, ट्रान्समचे खालचे कोपरे कोरड्या टिश्यूने टिपून बघा. टिश्यू ओला झाला तर होडी लगेच बाहेर घ्या. कोरडा राहिला तर एका शांत दिवशी छोटी फेरी मारून या आणि परत आल्यावर डेकवर तीच हातोडी पुन्हा एकदा फिरवा.